आधी अपडेट, मग युद्ध

कॉम्प्युटरवरचे वॉरगेम गेल्या पंचेचाळीस वर्षांत सुधारले का, असा प्रश्न अजूनही काही नतद्रष्ट लोक विचारतात. सुधारले का म्हणजे काय ओ! पूर्वी हेक्स, म्हणजे नकाशावरचे षटकोन, नुसते हिरवे-पिवळे असायचे, आता त्यांच्यावर गवत हलतं. एवढ्यानं ज्यांचं समाधान होत नाही त्यांच्यासाठी या सूचना. मागच्या रविवारी एका गेमच्या अपडेटनं ६३ टर्न खेळून झालेली मोहीम गिळली, त्या आनंदात लिहिल्या आहेत. गेमचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात व्हायची.

सूचना पहिली. रविवारी युद्ध करायचं असेल तर शुक्रवारी रात्रीच अपडेट उतरवायचा घट बसवावा. समजा अपडेट ३८ जीबीचं आहे आणि घरचं कनेक्शन ४० एमबीपीएसचं. ३८ हजाराला आठनं गुणा, चाळीसनं भागा. ७,६०० सेकंद, म्हणजे दोन तास सात मिनिटं. हा हिशेब कोरड्या गावच्या लोकांसाठी. आपल्या बेळगावकडं मृग लागला की दोन तासांत वीज किती वेळा जाते हे खानापूरकरांना विचारा. घरातला इन्व्हर्टर दिवे आणि पंखे सांभाळतो, राऊटर मात्र भिंतीवरच्या साध्या प्लगवर. तो आधी इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, दहा-पंधरा वॉटच खातो बिचारा. पीसीखालच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर विसंबू नका. ग्राफिक्स कार्ड घुमायला लागलं की तो पाच-दहा मिनिटांत बोंबलतो. डिस्कवर गेमच्या आकाराइतकी जागा आणखी मोकळी ठेवा, कारण बरीच अपडेटं जुन्या फाइलींच्या शेजारी नव्या फाइली बांधतात आणि मग अदलाबदल करतात. जागा कमी पडली तर ९८ टक्क्यांवर सगळं थांबतं आणि पुन्हा श्रीगणेशा.

एवढं सगळं यथासांग पार पडलं की खिडकी उघडते आणि सांगते, ‘हे सेव्ह जुन्या आवृत्तीचं आहे.’ म्हणजे साठवून ठेवलेला डाव आता उघडणार नाही.

१९८१ साली ख्रिस क्रॉफर्ड या गृहस्थानं अटारीच्या ८ बिटच्या यंत्रासाठी ‘ईस्टर्न फ्रंट (१९४१)’ लिहिला. यंत्राची मेमरी १६ किलोबाइट. त्यात रशियाचा सरकता नकाशा होता, ऋतू होते, रसद होती आणि यंत्रानंच चालवलेला, लढणारा शत्रूही होता. ३८ जीबीचं एक अपडेट म्हणजे त्या यंत्राच्या आख्ख्या मेमरीच्या तेवीस लाख पट. शत्रू किती पट हुशार झाला हे विचारू नये. अशी विचारणा असभ्य समजली जाते.

सूचना दुसरी, डोळ्यांची. नवा गेम मोठ्या मॉनिटरवर उघडला की काउंटरवरचे, म्हणजे पलटणींच्या चौकोनी सोंगट्यांवरचे, आकडे मोहरीएवढे दिसतात. गेमच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करायची सोय शोधू नका. गवत हलवण्यात वेळ गेल्यामुळं ती राहून गेलेली असते. गेमच्या ‘ईएक्सई’ फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथं ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, खाली ‘ओव्हरराइड’वर टिक आणि ‘सिस्टम (एन्हान्स्ड)’ निवडा. आकडे दिसतील, थोडे धुरकट. त्यानंही भागलं नाही तर मॉनिटरचं रिझोल्यूशन उतरवा, म्हणजे ज्या गवतासाठी ग्राफिक्स कार्ड घेतलं तेही धुरकट होईल आणि हिशेब बरोबर बसेल.

सूचना तिसरी. मॅन्युअल छापू नका, एवढी पानं बघून झेरॉक्सवाला तुमच्याकडं पोलिसानं बघावं तसं बघतो.

चौथी सूचना शत्रूविषयी. इथं जरा ठाण मांडून बसावं लागेल.

नव्या गेमच्या वर्णनात ‘प्रगत एआय’ असे शब्द असतात. ते वाचून नतमस्तक व्हावं आणि चुकूनही पुढच्या तीन परीक्षा घेऊ नयेत. एक, फळीच्या मागं दूरचं एखादं शहर पूर्ण रिकामं ठेवून टर्न संपवा. त्या दिशेला शत्रूचं एकही टेहळणी पथक नसताना त्याची रणगाडा डिव्हिजन नाकासमोर तिकडंच निघाली, तर समजा समोरची फौज झाकणारं धुकं फक्त तुमच्यासाठी आहे, त्याला सगळा नकाशा उघडा दिसतो. दोन, नदीमागं तोफखाना लावून ठेवा आणि नदीच्या अलीकडं एकच फुसकी बटालियन ठेवा. शत्रू दर टर्नला तिच्यावर येईल, दर टर्नला मार खाईल, पुढच्या टर्नला पुन्हा येईल. पोळ्याचा बैल एवढं ऐकत नाही. तीन, त्याची युनिटं वेढून संपवा आणि त्याच्याकडं भरती किती वेगानं येते ते वहीत लिहा. मग ‘नॉर्मल’ सोडून ‘हार्ड’वर तेच करा. कित्येक गेम्समध्ये ‘हार्ड’चा अर्थ एवढाच की त्याच्या भरतीत, मनोबलात किंवा रसदेत काही टक्के वाढवलेले असतात. मुलगा गणितात कच्चा म्हणून पेपरच्या मार्कांत वीस मिळवून द्यायचे आणि पेढे वाटायचे, तसला हा प्रकार.

कारण साधं आहे, आणि ते लपवण्यासारखंही नाही. बुद्धिबळात एका खेपेला एकच मोहरं हलतं, मधल्या डावात तीस-पस्तीस चाली शक्य असतात. वॉरगेममध्ये एकाच टर्नला सगळी युनिटं हलतात. शंभर युनिटं आणि प्रत्येकाला वीस जागा धरल्या तरी एका टर्नचे पर्याय एकावर १३० शून्यांपलीकडं जातात. १९९७ साली डीप ब्लू या कॉम्प्युटरनं जगज्जेत्या कास्पारोवला हरवलं ते चाली पुढं पुढं मोजत जाऊन. ती युक्ती इथं लंगडी पडते. म्हणून गेम करणारे नियम लिहून ठेवतात, की हे शहर घे, ही नदी राख, तीनास एक बळ असलं की हल्ला कर. नियम लिहिणाऱ्याला जे सुचलं नाही ते शत्रूलाही सुचत नाही.

इथवर मान्य. पण क्रॉफर्डनं काय केलं बघा. टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्यानं रंगतो. दोन चित्रांच्या मधल्या फटीत त्यानं नकाशा सरकवणं आणि जॉयस्टिक वाचणं उरकलं, आणि उरलेला सगळा वेळ शत्रूच्या डोक्याला दिला. तुम्ही जर्मनीच्या बाजूनं नकाशा न्याहाळत असता, तेवढ्या वेळात रशिया आपले बेत घासून पुसून घेत असतो. तुम्ही चहा टाकायला उठलात तर त्याचा बेत आणखी पक्का. १६ केबीवर! आता सोळा जीबी रॅम, आठ कोरचा प्रोसेसर, आणि तुम्ही विचार करताना ते आठही कोर गवत हलवतात. ‘एंड टर्न’ दाबल्यावर शत्रूला जाग येते, मग पट्टी सरकत बसते, तेव्हा चहा तुम्हाला प्यायचा असतो. त्या माणसाला वेळ फुकट घालवायची लाज वाटत होती. आताच्या मंडळींना कशाचीच वाटत नाही!

असो. आवाज चढला. सूचना पाचवी, चिखल. वडगाव-येळ्ळूरच्या माणसाला चिखल शिकवायची गरज नाही. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरलं की काळ्या मातीत चप्पल रुतते, मग पाय, मग ट्रॅक्टर. पुष्कळ गेम्समध्ये चिखल म्हणजे ‘चालीचा खर्च दुप्पट’ एवढंच. ट्रॅक्टर निम्म्या वेगानं चाललाय असं कोणत्या शेतकऱ्यानं बघितलंय? तो एकतर जातो, नाहीतर रुतून बसतो आणि दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढावा लागतो, तोही रुततो.

पण खोटं कशाला बोला, रसदेच्या बाबतीत हे लोक खरंच पुढं गेलेत. १९४१ ला जर्मन फौज रशियात शिरली तेव्हा रुळांचं अंतर जुळेना. रशियाचं १,५२४ मिलिमीटर, जर्मनीचं १,४३५. फरक जेमतेम साडेतीन इंचांचा, पण एक रूळ उचलून आत बसवल्याशिवाय जर्मन गाडी पुढं जाईना. शिवाय रशियातली पाणी भरायची ठाणी लांब लांब, जर्मन इंजिनांचं पाणी तेवढं पुरेना. मिरजेत तिन्ही गेज एकत्र नांदत होते तेव्हा ज्यांनी तिथं गाड्या बदलल्या, बोचकी या फलाटावरून त्या फलाटावर नेली, त्यांना मॉस्कोच्या दाराशी दारूगोळा का संपला हे अर्ध्या मिनिटात कळेल. जुन्या गेम्समध्ये बहुधा एवढंच विचारत, की युनिटापासून नकाशाच्या काठापर्यंत मोकळी वाट आहे का? असेल तर रसद पोचली. २०१० च्या ‘वॉर इन द ईस्ट’मध्ये गॅरी ग्रिग्जबीनं रेल्वेचं टोक, दुरुस्तीची पथकं, तिथून पुढचे ट्रक असं सगळं मांडलं. २०११ च्या ‘युनिटी ऑफ कमांड’नं तोच विषय इतका सुटसुटीत केला की रूळ कापला की पुढची फळी कशी वाळत जाते हे शाळकरी पोरालाही दिसावं. पानं कमी, अक्कल जास्त. ही प्रगती मला मान्य आहे, लेखी देतो.

सूचना सहावी. अर्धं युद्ध विकत घ्या, उरलेलं डीएलसीत, म्हणजे वेगळ्या पैशांच्या पुरवणीत, येईल.

सातवी, आयुष्याचं नियोजन. ‘वॉर इन द पॅसिफिक’ (२००४) मध्ये एक टर्न म्हणजे एक दिवस. ७ डिसेंबर १९४१ पासून १५ ऑगस्ट १९४५ पर्यंत तेराशेच्या वर टर्न. एका टर्नला एक तास आणि आठवड्याला पाच टर्न धरल्या तर पाच वर्षं लागतात, खरं युद्ध त्याच्या आत आटोपलं होतं. समोरचा माणूस ई-मेलवर खेळणारा असेल तर त्याच्या लग्नकार्याचे, बदलीचे दिवस वेगळे धरा, आणि दोघांची आवृत्ती एकच आहे ना हे आधी बघा. एकानं अपडेट घेतलं आणि दुसऱ्यानं नाही, की टर्नची फाइल उघडतच नाही आणि भांडण मात्र खरं होतं. घरून ‘काय करूलास रे सकाळपासून?’ असा आवाज येईल. जपानचं तेल थांबवतोय असं उत्तर देऊ नये.

आठवी, आपली माणसं शोधण्याविषयी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या कॅम्पात. याच पलटणीच्या यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर, आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांच्या तुकडीतले जवळजवळ सगळे पडले होते, तरी ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. इटलीचा एखादा गेम उघडा, आणि त्यांच्या वाट्याला बहुधा ‘इंडियन’ लिहिलेलं एक काउंटर आलेलं दिसेल. त्यावर दोन आकडे, एक हल्ल्याचा, एक चालीचा. जर्मन रणगाड्याच्या पट्ट्यांवरचा गंज मात्र तीन छटांत. हेक्सच्या हद्दीवर आपलं नाव कुणी लिहायचं हा प्रश्न सीमाभागातल्या माणसाला नवा नाही म्हणा. पण तिथं निदान मोर्चा काढता येतो.

नववी सूचना होती, दात काढत लिहायची. आता नाही लिहीत.

सरळच सांगतो. या खेळांत जी खरी डोकी चालली ती बहुतेक २००० पर्यंत चालली. १९८० ला ‘कॉम्प्युटर बिस्मार्क’नं पुठ्ठ्याचा नकाशा पडद्यावर आणला आणि जहाज खरोखर लपवून दाखवलं. १९९४ चा ‘पँझर जनरल’ तासाभरात शिकता येत होता आणि तुमचं तेच युनिट पोलंडपासून पुढं तुमच्याबरोबर यायचं, त्याचा जीव लागायचा. १९९६ च्या ‘क्लोज कॉम्बॅट’मधले सैनिक हुकूम मोडायचे, भेदरून जागेवर आडवे व्हायचे. २००० च्या ‘कॉम्बॅट मिशन’मध्ये दोन्ही बाजूंनी हुकूम द्यायचे आणि मग साठ सेकंद हात बांधून आपल्याच चुका बघायच्या. हे प्रत्येक वेळी नवं काहीतरी होतं. त्यानंतर काय? काउंटर वाढले, नकाशे वाढले, तेच जून १९४१ अकराव्यांदा आलं. रसद सोडली तर शत्रू तिथंच, रिकामं शहर हुंगत.

आणि दोष फक्त करणाऱ्यांचा नाही. तुमचाही आहे. स्क्रीनशॉट बघून आगाऊ पैसे कोण भरतं? गवत हललं नाही तर ‘जुनाट दिसतंय’ म्हणून कोण नाक मुरडतं? शत्रू मूर्ख आहे अशी तक्रार करणारे किती आणि रणगाड्याचा रंग चुकला म्हणून पानभर लिहिणारे किती, मोजा एकदा. जो माल उचलला जातो तोच ते पिकवणार. शत्रूवर खर्च केलेला रुपया फोटोत दिसत नाही, म्हणून तो कुणी खर्च करत नाही, इतकी ही साधी दुकानदारी आहे आणि तुम्ही सगळे तिच्यात सामील आहात.

विकत घ्यायच्या आधी विचारायचे प्रश्न चारच. अपडेट नाकारता येतं का? जुनं सेव्ह नव्या आवृत्तीत चालतं का? अक्षर मोठं होतं का? ‘हार्ड’वर शत्रूला काय फुकट मिळतं हे मॅन्युअलमध्ये लिहिलंय का? चारांतल्या दोनांना ‘नाही’ आलं तर पैसे खिशात ठेवा आणि डॉसबॉक्स हा जुने गेम चालवणारा प्रोग्रॅम टाकून तुमचा जुना गेम काढा. तो फार पळायला लागला तर डॉसबॉक्समधली ‘सायकल्स’ ही वेगाची सेटिंग ऑटोवरून काढून ठरावीक आकड्यावर आणा, तीन हजारापासून वर चढवत जा.

आणि मोहीम अर्धी खेळून झाली असेल तर लाँचरमधलं, म्हणजे गेम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममधलं, आपोआप अपडेट आत्ता बंद करा, सेव्हचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, नेट काढून ऑफलाइन खेळा. उद्या करू म्हणू नका. गुरुवारी अपडेट येतंय.