मिरचीचं पाणी लावा म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपपासून मावशीपर्यंत सगळीकडून एकच फॉरवर्ड येतोय, की पाळलेला पक्षी फर्निचर, पडदे, वायरी कुरतडत असेल तर त्याला वाईट सवय लागलीय, तिथे मिरचीचं पाणी लावा, चोचीवर टिचकी मारा, कॅल्शियमचे थेंब द्या, आणि नाहीच ऐकलं तर चोच कापून आणा.

आधी मिरची. अहो, पोपट मिरच्या आवडीने खातात हे आपल्याला लहानपणापासून माहितीय ना, मग? तिखटाची आग आपल्याला नसांवरच्या ज्या रिसेप्टरमुळे (संवेदकामुळे) जाणवते, पक्ष्यांच्या त्या रिसेप्टरवर कॅप्सेसिनचा, म्हणजे मिरचीतल्या तिखट घटकाचा, परिणाम होत नाही, म्हणून तर रानात मिरचीच्या बिया पक्षीच पसरवतात. खुर्चीला मिरची लावाल तर डोळे तुमचेच चुरचुरतील, पक्षी मजेत कुरतडत बसेल.

आता ‘वाईट सवय’. लव्हबर्ड काय, कॉकाटील काय, बजी (बजरीगर) काय, ही सगळी पोपटाच्याच कुळातली, ढोलीत घरटं करणारी मंडळी, आणि चोच आपल्या नखांसारखी वाढतच राहते, त्यामुळे कुरतडणं हे त्यांचं रोजचं काम आहे. आमच्या लव्हबर्ड मादीने कालनिर्णयच्या एकसारख्या पट्ट्या फाडून पाठीच्या पिसांत खोचल्या तेव्हा आधी मी ओरडलो, मग कळलं की बाईसाहेबांना घरटं बांधायचंय. अशा वेळी कागद आणि घरट्याचा डबा काढून घ्यायचा, रात्री बारा तास अंधारात झोपू द्यायचं, जोर आपोआप उतरतो.

टिचकीने फक्त एकच होतं, पक्षी हाताला घाबरतो आणि मग चावतो. आणि ‘ए सोड’ करून धावत गेलात की त्याला तो खेळच वाटतो.

कॅल्शियमचं थोडं खरंय, नुसत्या बियांवर असलेल्या किंवा अंडी घालणाऱ्या मादीला ते कमी पडतं, पण त्यासाठी पिंजऱ्यात समुद्रफेन, म्हणजे कटलफिशचं पांढरं हाड, लटकवा की, अंदाजाने थेंब कशाला, जास्त झालं तर किडनीला त्रास. आणि चोच कापायचं तर डोक्यातून काढाच, आत हाड, रक्तवाहिन्या, नसा आहेत. ती खरंच वेडीवाकडी वाढली असेल तर लिव्हरचाही आजार असू शकतो, पक्ष्यांच्या डॉक्टरलाच दाखवा.

मग करायचं काय, तर त्याला हक्काचं कुरतडायला द्यायचं. नारळाची करवंटी, सालासकट मक्याचं कणीस, शेवग्याची किंवा पेरूची फवारणी न केलेली फांदी धुऊन, साधा पुठ्ठा. कण्हेर चुकूनही नको, विषारी असते. खुर्चीवर बसला की न बोलता कणीस पुढे करायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी वस्तू बदलायच्या, नाहीतर कंटाळून परत खुर्चीकडेच. वायरींना मात्र शिकवणी-बिकवणी चालत नाही, एका चाव्यात शॉक बसतो, तिथे सरळ केसिंग पट्टी मारून घ्या आणि चार्जर ड्रॉवरमध्ये टाका, मी राउटरची वायर दोनदा बदलल्यावर हे केलं.