कोरडा दिवस

माझ्या किडेखाऊ घटपर्णीच्या पानांच्या टोकांना पाच तांबे लटकत होते. कुंडी बदलल्यावर पंधरा दिवसांत चार वाळले. पाचवा काल नानांनी ओतून टाकला.

कुंडी बदलायची खाज माझीच. जुनं कोकोपीट आंबूस वास मारायला लागलं, म्हणून मॉस आणि पर्लाइट आणून बसले. मुळं निघाली जळक्या दोऱ्यासारखी काळी. गेली, म्हणून रडणार, तर कळलं की धडधाकट असतानाही हिची मुळं अशीच दिसतात आणि हात लागला की तुटतात. तेव्हापासून बाळंतीण घरात. नळाच्या पाण्यातले क्षार सोसत नाहीत. आम्ही नळाचंच पितो, हिच्यासाठी मैत्रिणीकडून आरओच्या बाटल्या येतात. खत वर्ज्य. ऊन पडद्याआडून. आणि पुण्यातली ऑक्टोबरची कोरडी हवा लागू नये म्हणून अंगावर ड्रायक्लीनिंगहून आलेल्या शालूची पारदर्शक पिशवी. हिची भावंडं मेघालयात, गारो-खासीच्या डोंगरांत राहतात. तिकडे घरात ढग शिरतात. आमच्याकडे नाना.

नाना म्हणजे सोसायटीची डेंग्यू समिती. अख्खी. रविवारी सकाळी बॅटरी घेऊन दारात.

"अगं, पिशवी कसली ही? जीव गुदमरेल तिचा." पिशवी उतरली. "आणि हे पाणी साचलेलं?"

"नाना, ते तिचं पोट आहे."

"पोट असं उघडं?" त्यांनी बोटानं झाकण दाबलं. ते वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. "मिटत नाहीये. बिल ठेवलंयस ना? बदलून घे."

झाकण मिटत नसतंच हो, ते पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. किडे काठावरून घसरून पडतात, असं मी सांगत होते.

"आम्हाला शाळेत शिकवलंय. खटकन मिटतं." नाना चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांच्या शाळेशी कुठे भांडू?

"डास खाते ती," मी हुकूम टाकला.

"खाते का पाळते?" म्हणत त्यांनी तांब्या वाकडा केला आणि पाणी वाया नको म्हणून शेजारच्या तुळशीत ओतला. सात-आठ मुंग्या आणि झुरळाचं एक अर्धवट पचलेलं पिल्लू तुळशीच्या बुडाशी पडलं. नानांनी वर नमस्कार केला.

१७३७ मध्ये लिनियसनं या झाडाला नेपेंथिस नाव दिलं. ग्रीक काव्यातल्या दुःख घालवणाऱ्या औषधावरून. त्याच्या इमारतीत नाना नसावेत.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण मे महिन्यापासून फुटलेलं आहे. मी तीन अर्ज दिले. तिथे चढायला नानांचे गुडघे दुखतात आणि बाकीच्यांना वेळ नाही. माझ्या दोन चमचे पाण्यासाठी मात्र बॅटरी.

त्यातून चीड आणणारी गोष्ट म्हणजे काही जातींच्या डासांच्या अळ्या खरोखरच घटपर्णीच्या तांब्यात, त्याच पाचक रसात, मजेत वाढतात. हे नानांच्या कानावर गेलं तर मला इमारत सोडावी लागेल.

रिकाम्या तांब्यात दोन चमचे आरओचं पाणी घालून पिशवी परत चढवली आहे. नव्या पानाच्या टोकाशी तांदळाच्या कणीएवढं काहीतरी फुगल्यासारखं वाटतंय. वाटतंयच फक्त.

तुळस मात्र आज तरारली आहे. नानांनी येता-जाता दोनदा दाखवली.