एवढी मोठी सॅक कशाला?

शहर पायी फिरायला २५ लिटरची सॅक घ्या, असं एका लेखात वाचलं, पण ते मत मला पटलं नाही. जागा मोकळी दिसली की आपण ती भरतोच, आणि दुपारपर्यंत खांदे भरून येतात. नुसती एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे किलोभर वजन! शिवाय गर्दीच्या मेट्रोत पाठीवरची चेन कोणी उघडली तर कळतही नाही, आणि बऱ्याच संग्रहालयांत मोठी सॅक बाहेर ठेवायला लावतात.

त्यापेक्षा सहा-सात लिटरची, तिरकी अडकवायची स्लिंग बॅग घ्या. अर्ध्या लिटरची बाटली, पॉवर बँक, घडीची छत्री आरामात मावते. घेताना पट्टा नीट बघा. निदान दीड इंच रुंद हवा, अरुंद पट्टा मानेजवळ काचतो. तो बॅगेला जिथे जोडलाय तिथे चौकोनात फुली मारलेली शिवण असेल तर उत्तम, कारण बॅग उसवते ती तिथेच. पाकिटाचा कप्पा अंगाकडच्या बाजूला हवाच हवा. रंगाबिंगाचं काय, आवडेल तो घ्या.

मान किंवा पाठ दुखणाऱ्यांनी मात्र दोन्ही खांद्यांवर वजन विभागणारी छोटी सॅकच घ्यावी, १०-१२ लिटरची पुरते.