चिपचा कारखाना वाढला म्हणजे नोकऱ्या दुप्पट होत नाहीत

ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि तळोज्यात एक मेसेज फिरतोय: ‘इलेक्ट्रिक गाड्यांच्या चिपचा कारखाना वाढला की नोकऱ्या दुप्पट. जितके कोटी, तितकी माणसं. आयटीआयवाला थेट मशीनवर.’ या भरवशावर कुणी हातचं काम सोडू नये.

‘जितके कोटी, तितकी माणसं.’ मलेशियात कुलीमला इन्फिनियन या जर्मन चिप कंपनीनं २०२२ मध्ये २ अब्ज युरोंचा विस्तार जाहीर केला, नोकऱ्या सांगितल्या ९००. एका नोकरीमागे तेव्हाच्या दरानं सुमारे १९ कोटी रुपये. पैसा यंत्रांत आणि क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळमुक्त खोल्यांत, जातो.

‘कारखाना वाढला की नोकऱ्या दुप्पट.’ चिप ज्या पातळ गोल चकतीवर बनते ती वेफर. १५० मिमीऐवजी २०० मिमीची वेफर घेतली की क्षेत्रफळ १.७८ पट होतं. डब्यात वेफर मात्र २५च, त्यामुळे डबा हाताळणारी माणसं तेवढीच राहतात. नव्या फॅबमध्ये, म्हणजे चिप बनवायच्या कारखान्यात, तर डबेही छताखालच्या रुळांवरून आपोआप फिरतात.

माणसं लागतात पॅकेजिंगला, म्हणजे तयार चिप बसवून, जोडून तपासायच्या कामाला. टाटांच्या जाहीर आकड्यांत धोलेऱ्याच्या फॅबला ९१,००० कोटी आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष २०,००० रोजगार. आसामात जागीरोडच्या पॅकेजिंगला २७,००० कोटी आणि २७,००० रोजगार. गाडीच्या पॉवर मॉड्यूलमध्ये, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या चिपच्या संचात, सिरॅमिकच्या पाटीवर चिप चांदीच्या पेस्टनं, दाब आणि उष्णता देऊन बसवतात. मग अ‍ॅल्युमिनियमच्या जाड तारा अल्ट्रासोनिकनं जोडायच्या, जेल भरायचं, उच्च व्होल्टेजवर चाचणी घ्यायची. पेस्टमध्ये पोकळी राहिली तर उष्णता अडकते आणि चिप जळते. तारेचा जोड कच्चा असेल तर गाडी तापून-थंड होऊन तो उचकटतो. म्हणून नमुन्याच्या तारा ओढून आणि पोकळ्या स्कॅन करून बघणारे हात लागतात.

‘आयटीआयवाला थेट मशीनवर.’ इम्प्लांटरसारखी (वेफरमध्ये आयन घुसवणारी) यंत्रं बहुधा यंत्र-कंपनीचे अभियंतेच उघडतात. आपल्या पट्ट्याची खरी ताकद वेगळी आहे. केमिकल प्लांटमध्ये तयार झालेले इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, एओसीपीवाले (केमिकल प्लांट ऑपरेटरचा आयटीआय ट्रेड), एसीचे कारागीर अतिशुद्ध पाणी, चिलर, घातक वायू धुणारे स्क्रबर आणि गॅस-गळतीचे सेन्सर सांभाळू शकतात. क्लीनरूमची आर्द्रता बिघडली तर वेफरची अख्खी खेप वाया जाऊ शकतो, म्हणून ही कामं तिन्ही पाळ्यांत लागतात.

शिवाय घोषणा म्हणजे भरती नव्हे. अमेरिकेत वुल्फस्पीड या चिप कंपनीनं सायलर सिटी या गावच्या कारखान्यात १,८०० नोकऱ्या सांगितल्या होत्या. ईव्हीची मागणी मंदावली, कर्ज वाढलं आणि जून २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरी-संरक्षण मागायला गेली. प्रकल्पग्रस्तांच्या संघटनांनी बांधकामावरचे, ठेक्यावरचे आणि कायम असे तीन आकडे वेगवेगळे मागावेत. कायमचा आकडा ट्रेडनिहाय आणि वर्षनिहाय, लेखी.