‘थ्रीडी म्हणजे पैसे उकळायचा धंदा’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

स्तनातली गाठ तपासताना थ्रीडी (थराथरांत चित्र दाखवणारी मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी) कधी उपयोगी पडतं, या माझ्या लेखावर तुम्ही रागावून लिहिलंत. तुमच्या वहिनींचं वय ४६. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, रिपोर्टवर ‘बायरॅड्स ४’ (कर्करोगाच्या संशयाची श्रेणी) आलं, आणि आता कुणीतरी सुचवतंय की दुसऱ्या सेंटरला थ्रीडी करून घ्या, मग बायोप्सीचं बघू. तुमचं म्हणणं असं, की थ्रीडी म्हणजे पोटातल्या बाळाचा चेहरा दाखवतात तसलं शोभेचं चित्र, वर क्ष-किरण दुप्पट. आणि टाटा हॉस्पिटलने तर नुसत्या हाताच्या तपासणीने मुंबईत मृत्यू कमी करून दाखवले.

आधी वहिनींचं बोलू, बाकीचा वाद थांबू शकतो. थ्रीडीसाठी बायोप्सी अडवून ठेवू नका. बायरॅड्स ४ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठेही. पुढे ए, बी, सी असं अक्षर असेल तर अंदाज थोडा नेमका होतो, एवढंच. या टप्प्यावर निकाल सुईने काढलेला तुकडाच देतो. सुई टोचली की गाठ पसरते, ही भीती मी रोज ऐकते. कोअर बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढण्याची ही तपासणी, केल्यामुळे रुग्णाचं आयुष्य कमी होतं, असं आजवर दिसलेलं नाही. उशीर केल्याने मात्र होतं.

पण एवढ्यावरून थ्रीडी शोभेचं ठरत नाही. साध्या मॅमोग्राफीत दाबलेल्या स्तनाची सगळी जाडी एकाच चित्रात उतरते. पातळ कागदाची वही उजेडासमोर धरली की सगळ्या पानांवरची अक्षरं एकमेकांवर चढतात, तसं. दाट ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच. थ्रीडी मॅमोग्राफीत, म्हणजे टोमोसिंथेसिसमध्ये, क्ष-किरणांची नळी कमानीत फिरत वेगवेगळ्या कोनांतून कमी मात्रेची चित्रं घेते आणि संगणक त्यांतून साधारण मिलिमीटरभराचे थर उभे करतो. एकेका थरात गाठीची कड बघता येते: गुळगुळीत आहे, की काटे फुटल्यासारखी. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच गाठतो, आणि कमी वयात स्तन जास्त दाट असतात. चाळिशीतल्या बायकांसाठी मी या तंत्राचा आग्रह धरते तो यासाठी.

अमेरिकेत २०१४ मध्ये साडेचार लाखांहून जास्त तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डिजिटल मॅमोग्राफीला टोमोसिंथेसिसची जोड दिल्यावर दर हजारी सापडणारे कर्करोग ४.२ वरून ५.४ झाले आणि पुन्हा बोलवाव्या लागणाऱ्या बायका १०७ वरून ९१ वर आल्या. तो नियमित तपासणीचा अभ्यास होता, हाताला गाठ लागलेल्यांचा नव्हे. तरी हजारात सोळा जणींच्या जिवाचा घोर वाचला, हे मला लहान वाटत नाही.

बाळाच्या चेहऱ्याचं म्हणाल, तर स्तनाच्या थ्रीडी सोनोग्राफीचं मोल एका कापात आहे. त्वचेला समांतर जाणारा हा काप हातातल्या साध्या प्रोबने मिळत नाही. घातक गाठ आजूबाजूचा भाग आत खेचते, आणि या कापात गाठीभोवती किरणांसारख्या रेषा उमटतात. फायब्रोअडेनोमा या निरुपद्रवी गाठीभोवती सहसा असं खेचणं नसतं. (जुन्या ऑपरेशनच्या व्रणाभोवतीही तसंच दिसू शकतं, म्हणून आधी काही झालंय का हे विचारावंच लागतं.)

क्ष-किरणांचा तुमचा मुद्दा खरा आहे. साधी आणि थ्रीडी अशी दोन्ही चित्रं वेगवेगळी काढली तर मात्रा जवळपास दुप्पट होते. थ्रीडीच्या माहितीतूनच संगणकाने साधं चित्र तयार केलं तर ती वाढ टळते. तुमच्याकडे कसं करतात, हे सेंटरला बेधडक विचारा.

टाटाचा अभ्यास मलाही अभिमानाचा वाटतो. १९९८ मध्ये सुरू झाला, ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख मुंबईकर बायका त्यात होत्या, वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, आणि वहिनी ४६ च्या आहेत. शिवाय हाताला संशय आला की त्या बाईला पुढच्या तपासण्यांसाठी टाटाला बोलावलं जाई. गाठ आहे हे हाताला कळतं, कसली आहे ते कळत नाही.

तिशीच्या आतल्या मुलीला गाठ लागली तर आधी सोनोग्राफी. त्यात साधी पाण्याची गाठ निघाली तर थ्रीडीचा खर्च कशाला? तो कुणी माथी मारत असेल तर मी तुमच्याच बाजूने भांडेन.

वहिनींना याच आठवड्यात सर्जनला दाखवा. परळला टाटामध्ये, नाहीतर केईएम, सायन, नायरच्या सर्जरी ओपीडीत. ‘गणपती होऊ देत, मग बघू’ असं घरात कुणी म्हणालं तरी थांबू नका. नुसता रिपोर्ट नेऊ नका, मॅमोग्राफीच्या फिल्म आणि सीडीही न्या, नाहीतर तीच तपासणी पुन्हा करावी लागेल. बायोप्सीचा रिपोर्ट आला की मला कळवा, त्यातलं काही समजलं नाही तर मी समजावून सांगेन.