प्लेटचे थर आमच्या मशीनवर सुटलेले नाहीत

नमस्कार साहेब,

तुमच्या फायबर प्लेटच्या आमच्या तपासणीला एक स्टार देताना तुमच्या तीन तक्रारी आहेत: प्लेटमधून कापलेल्या पट्ट्यांवर रंग मारून माल खराब केला, ओढल्यावर वाढलेल्या लांबीचे आकडे तुमच्या मशीनशी जुळत नाहीत, आणि थर सुटल्याचं खापर उगाच तुमच्या ड्रिलिंगवर फोडलं. हिंगणा एमआयडीसीत फायबरचं काम करणारे बरेच आहेत, म्हणून इथेच उत्तर देतो.

रंग फक्त कापलेल्या पट्ट्यांवर आहे, आणि त्या ओढून बघताना तुटणारच होत्या. पांढऱ्यावर काळे ठिपके असल्याशिवाय वाढ मोजणाऱ्या कॅमेऱ्याला कुठला बिंदू किती सरकला हे कळत नाही. मूळ प्लेटला स्प्रे लागलेला नाही.

आता आकडे. तुमच्याकडे 2.4 मिमी, आमच्याकडे 0.6. कॅमेरा पट्टीच्या मधल्या 50 मिमीचीच वाढ मोजतो, म्हणजे 1.2 टक्के. तुमच्या मशीनच्या पकडींमध्ये पट्टी 150 मिमी होती. त्याच टक्क्याने 1.8 मिमी तिथेच झाले. उरलेले 0.6 मिमी ग्रिपमध्ये सरकण्यात आणि मशीनच्या चौकटीच्या लवण्यात गेले. ते मालाच्या नावावर कसे टाकणार?

थर सुटण्याचं मात्र नीट बघा. "कॅमेऱ्यात काही नाही म्हणता, मग सुटलं कसं?" असं तुम्ही विचारलंय. कॅमेरा वरचा पृष्ठभाग बघतो. पट्टी फायबरच्या दिशेने ओढली की आत सुटलेले थर फारसे उघडत नाहीत. दाबली किंवा वाकवली असती तर तिथे फुगवटा दिसला असता. आत काय आहे ते अल्ट्रासॉनिक स्कॅन सांगतो: थर सुटले असतील तिथे ध्वनिलहरी मागच्या पृष्ठभागापर्यंत न जाता मधल्या फटीवरूनच परततात. हा स्कॅन आम्ही अख्ख्या प्लेटचा, पट्ट्या कापण्याआधीच घेतला होता. सुटलेली जागा फक्त भोकांभोवती, आणि तीही ड्रिल बाहेर पडतं त्याच बाजूच्या थरांत आहे. ड्रिल शेवटाला आलं की खाली उरलेल्या दोन-तीन थरांत दाब झेलायची ताकद नसते, ते पापुद्र्यासारखे बाहेर ढकलले जातात. थर चिकटवणारं रेझिनच कच्चं असतं तर भोकांपासून लांबही काहीतरी सापडलं असतं. तिथे प्लेट साफ आहे.

घरीच बघायचं असेल तर तुमच्या मालावर जेलकोट (वरचा गुळगुळीत लेप) नाही, रंगही नाही, त्यामुळे उजेड आरपार दिसतो. भोकाच्या मागे टॉर्च धरा, कडेला वेगळा डाग दिसेल.

पुढच्या वेळी प्लेटखाली लाकडी फळी घट्ट आवळा, बिट धारदार घ्या आणि शेवटी हात हलका ठेवा. तसं भोक पाडलेला एक तुकडा आणून द्या भाऊ, त्याचा स्कॅन फुकट करून देतो. पण "ड्रिलिंगमुळे" हा शब्द रिपोर्टमधून काढा असं फोनवर म्हणालात, ते होणार नाही.