पॉलिसीची झेरॉक्स फायलीला लावण्याआधी वाचा

बिल्डिंगला बाहेरून रंग द्यायचा ठरला की सोसायटीत काय काय चर्चा होते, हे मुंबईकराला सांगायला नको. शेड कोणती, वॉरंटी पाच वर्षांची की सात, स्क्वेअर फुटाचा रेट अजून दोन रुपयांनी खाली येतो का. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत शेडवरून दोन गट पडले, ते अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत. पण सातव्या मजल्यावर दोरीच्या झुल्यावर बसून तो रंग मारणारी पोरं कोणाच्या हजेरीवर आहेत, त्यांचा विमा कोणी काढलाय, हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर तयार असतं, "ते कॉन्ट्रॅक्टर बघेल."

मी विमा कंपनीच्या क्लेम खात्यातून निवृत्त झालेली बाई. कमिटीत आल्यापासून मी हे विचारते, म्हणून ग्रुपवर मला 'इन्स्पेक्टर मॅडम' म्हणतात. म्हणोत.

आधी लायसन्सचं बघू. कॉन्ट्रॅक्टर फाइल देतो त्यात जीएसटी, पॅन, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) आणि गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी) असतो, आणि सेक्रेटरी म्हणतात, सगळं रीतसर आहे. जीएसटी नंबरावरून तो कर भरायला नोंदलेला आहे एवढं कळतं. गुमास्त्याचं तर २०१७ च्या कायद्यानंतर असं झालंय की दहापेक्षा कमी माणसं असतील तर ऑनलाइन माहिती कळवायची आणि पावती घ्यायची. त्या पावतीवरून त्याला परांची बांधता येते की नाही, हे कसं कळणार? रंगकाम, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग यांसाठी आपल्याकडे कौशल्य तपासून दिलेला परवानाच नाही. पीडब्ल्यूडी किंवा महापालिकेकडची नोंदणी त्यांची स्वतःची कामं घेण्यासाठी असते.

जिथे परवाना आहे तिथे मात्र आपण तो मागत नाही, ही खरी गंमत. विजेच्या कामाला विद्युत ठेकेदाराचं लायसन्स आणि वायरमनचा परवाना लागतो. नळाच्या कामाला महापालिकेचे परवानाधारक प्लंबर आहेत. आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैत लायसन्स असलेल्या एजन्सीकडूनच घ्यावा लागतो. तरी मीटर रूममध्ये हात घालायला आपण कोणाला बोलावतो? वॉचमनच्या ओळखीच्या पोराला.

माझी भाची कॅलिफोर्नियात असते. तिथे राज्याचं कॉन्ट्रॅक्टर लायसन्स बोर्ड आहे, १९२९ पासूनचं. वेबसाइटवर नंबर टाकला की लायसन्स चालू आहे का, बाँड (भरपाईची हमी) आहे का, कामगार भरपाईचा विमा आहे का, सगळं समोर येतं. छपराची कामं करणाऱ्याला तर हाताखाली एकही माणूस नसला तरी हा विमा लागतो. आणि विनापरवाना माणूस लावला आणि तो पडला, तर घरमालकच त्याचा मालक ठरू शकतो. तिकडचं कौतुक सांगायला मी बसलेली नाही, तिथेही लोक रोखीत कामं उरकतातच. फरक एवढाच की तिथे एका जागी बघता येतं. आपल्याला ते कमिटीच्या टेबलावर बसून करावं लागतं, आणि त्यासाठी डब्ल्यूसी, म्हणजे कामगार भरपाईच्या विम्याची, पॉलिसी वाचावी लागते.

वाचावी म्हणतेय. झेरॉक्स सगळेच लावतात.

नोकरीत असताना टेबलावर आलेल्या फायलींत तेच ते दिसायचं. पॉलिसी पाच कामगारांची आणि साइटवर तेरा. मग पडलेला माणूस त्या पाचांतला की उरलेल्या आठांतला, यावर भांडण. पॉलिसीत कामाचं ठिकाण भिवंडीचं गोदाम आणि माणूस पडला दादरला. कामाचं स्वरूप 'आतील रंगकाम' आणि अपघात परांचीवर. पॉलिसी मेअखेर संपलेली, काम पावसामुळे लांबून ऑक्टोबरवर गेलेलं. आणि सगळ्यात जास्त वेळा दिसायचं ते हे: पॉलिसी कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर, पण माणसं मुकादमाची, मुकादमाने ती सकाळी नाक्यावरून उचललेली. पोटठेकेदाराची माणसं पॉलिसीत लिहून घेतलेली नसतील तर ती कागदावर कोणाचीच नाहीत. परांचीवाला तर बहुतेक वेळा वेगळाच असतो, आणि सगळ्यात धोक्याचं काम त्याचंच. दवाखान्याच्या खर्चाचं कव्हरही बहुतेक पॉलिसींत जादा प्रीमियम भरूनच मिळतं, तेही बघा. खात्री करायची तर पॉलिसीवर छापलेल्या एजंटच्या नंबरावर नको, विमा कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून फोन करा. कॉम्प्युटरवर तारीख बदलायला दोन मिनिटं लागतात.

रक्कम किती असते, याचा अंदाज नसतो म्हणून लोक निवांत असतात. कामगार भरपाईचा मूळ कायदा १९२३ चा. नोव्हेंबर २०२५ पासून तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण ढाचा तोच आहे. जुन्या कायद्याचा शेवटचा हिशेब सांगते. मृत्यू झाला तर मासिक पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा, आणि पगार कितीही असला तरी धरायचा जास्तीत जास्त १५,००० रुपये. तीस वर्षांच्या माणसासाठी आकडा २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, झाले १५,५९,८५० रुपये. उशीर झाला तर वर १२ टक्के व्याज. मालकाची चूक होती का, हे सिद्ध करायची गरज नाही. एवढे पैसे खिशातून काढणारा रंगकामाचा कोणता कॉन्ट्रॅक्टर तुमच्या ओळखीचा आहे? तो गावाला जातो आणि फोन बंद होतो.

यावर आमचे खजिनदार म्हणाले, "अहो मॅडम, आपण पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलंय ना, कामगारांची सर्व जबाबदारी ठेकेदाराची." लिहून घ्या, जरूर घ्या. पण तो करार सोसायटी आणि कॉन्ट्रॅक्टर यांच्यातला. कामगाराचा भरपाईचा हक्क त्याने जात नाही, आणि खुद्द कामगाराकडून 'मला काही नको' असं लिहून घेतलं तरी कायद्यात ते रद्दबातल धरतात. ठेकेदाराच्या माणसाची भरपाई आधी मुख्य मालकाकडून, म्हणजे ठेका देणाऱ्याकडून, घ्यायची आणि त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करायची, अशीही तरतूद आहे. सोसायटी हा काही धंदा नव्हे, तिला हे लागूच नाही, असा युक्तिवाद वकील करतात. करोत बापडे, पण तो कोर्टात उभं राहून करायचा असतो.

सेप्टिक टँकची गोष्ट वेगळी. तिथे पॉलिसी विचारायचीच नाही, माणूस आत उतरवायचाच नाही. २०१३ च्या कायद्याने त्याला बंदी आहे. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीच्या एका सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्यांच्या बायका मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा २०२१ मध्ये प्रत्येकीला १० लाख देण्याचा आदेश सरकारला झाला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली.

आता पैशाचं. तीन कोटेशनं येतात, सगळ्यात कमी रेटवाला पास होतो. ज्याने माणसांचा विमा, बेल्ट, जाळी यांचा खर्च धरला तो आपोआप महाग दिसतो आणि बाहेर जातो. म्हणजे प्रामाणिक माणसाला टेंडरमधून हाकलायची पद्धत आपणच लावलीय. मला वाटतं, विम्याचा प्रीमियम रेटमध्ये धरूच नये. कोटेशनमध्ये तो वेगळा मागावा आणि मूळ पावती बघून सोसायटीने भरून द्यावा. आमच्या कामात आम्ही तसंच केलं. एकूण बिलापुढे ती रक्कम किरकोळ होती, दोन गटांना दाखवायला शेडचे नमुने भिंतीवर मारून घेतले त्याच्या खर्चाची आठवण मी सभेत करून दिली. लहान कॉन्ट्रॅक्टर यात मरेल, नाक्यावरच्या माणसाचं काम जाईल, असं एका तरुण सभासदाने म्हटलं. मुद्दा खरा आहे. म्हणूनच पैसे आपण द्यायचे. कामगारांची यादी पहिल्या दिवशी गेटवर, माणूस बदलला की नाव बदलायचं, आणि पॉलिसीची मुदत संपायच्या आत पुढची हातात आली नाही तर पुढचं बिल थांबवायचं.

आणि हे फक्त कमिटीने करायचं असं नाही. मार्च लागला की घरोघरी एसी बसतात. बाराव्या मजल्याच्या छज्जावर एका हाताने ग्रिल धरून उभा असलेला पोरगा तुमच्याच खिडकीबाहेर असतो. फोनवर 'इन्स्टॉलेशन फ्री आहे ना' असं विचारतो आपण. त्याच फोनवर 'बेल्ट घेऊन येणार ना, आणि माणूस कंपनीच्या हजेरीवरचा की बाहेरचा?' हेही विचारता येतं. एक-दोघे फोन ठेवतील, तिसरा बेल्ट घेऊन येतो. आमच्याकडे आला.

वर्क ऑर्डरमध्ये घालायचं कलम मी साध्या मराठीत लिहून ठेवलंय. ज्यांच्या सोसायटीचं काम दिवाळीनंतर निघणार आहे, त्यांनी कमेंटमध्ये सांगा, पाठवते. शेड कोणती घ्यावी हे कृपया मला विचारू नका.